जिथे पिवळी चिठ्ठी, तिथे सही

पुरुषोत्तमकाकांच्या सभ्यपणाची मला चीड येते. अमेरिकेत नोव्हाय गावी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ते वीस वर्षं तपासनीस. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत. लोकांच्या लग्नपत्रिकांतलं शुद्धलेखनसुद्धा तपासून देणार. आणि हा माणूस स्वतःच्या घराच्या कागदांवर न वाचता सही करतो. का, तर समोरचा आपला मराठी माणूस आहे म्हणून!

घर त्यांनी २००१ मध्ये घेतलं, एक्कावन्नाव्या वर्षी. हाताशी पैसा थोडा, म्हणून सरकारी विम्याचं, म्हणजे बुडालं तर सरकार बँकेला भरून देईल असं कर्ज घेतलं, पण मुदत मुद्दाम पंधराच वर्षांची. सहासष्टाव्या वर्षी घर मोकळं झालं की वसुधाकाकूंनी नोकरी सोडायची, असा शब्द त्यांनी काकूंना दिला होता. काकू एका दुकानात दिवसभर उभ्यानं काम करतात आणि त्यांचे गुडघे पार गेलेत.

२००३ मध्ये गिरीश उगवला. धंद्यानं दलाल, जुनं कर्ज फेडून त्याजागी कमी व्याजाचं नवं काढून देणारा, शिवाय आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार. गणपतीच्या महाप्रसादाचा खर्च दरवर्षी त्याचा, मग त्याच्यावर संशय कोण घेणार? त्याला काकांकडे मीच नेलं. आठवलं की अजून स्वतःची शिसारी येते.

"काका, गव्हर्नमेंटचं लोन आहे ना? मग एकदम इझी. पेस्लिप नको, घराच्या किमतीचं अप्रेझल नको. हप्ते वेळेवर भरलेत, बस्स! रेट कमी, पेमेंट कमी. जिथे पिवळी चिठ्ठी लावलीय, तिथे साइन करा."

काकांनी खिशातला चष्मासुद्धा काढला नाही. तो गेल्यावर मी विचारलं, वाचलं का नाही?

"अगं, घरी आलेल्या माणसासमोर कागद वाचत बसायचं? त्याला काय वाटेल?"

हप्ता चारशे डॉलरनं उतरला. काकांनी पेढे वाटले आणि मीही दोन खाल्ले.

२००८ च्या फेब्रुवारीत व्याजाचे दर पुन्हा खाली आले आणि गिरीश पुन्हा आला. तसाच गठ्ठा, तशाच चिठ्ठ्या. काकूंनी त्याला गरम थालीपीठ वाढलं आणि सहज विचारलं, "आता आठच वर्षं राहिली ना रे?"

"नाही काकू, हे थर्टी इयर फिक्स्ड आहे, आजपासून नवी तीस वर्षं. मागचंही थर्टीच होतं. नाहीतर पेमेंट इतकं कमी कसं झालं असतं? सगळं पेपर्समध्ये होतं, काका."

हे बोलताना त्यानं थालीपिठावर आणखी लोणी घेतलं.

काकांनी चष्मा लावला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाऊण तास वाचलं. गिरीश घड्याळ बघत राहिला.

"शेवटचा हप्ता मार्च २०३८," काका म्हणाले. "मी अठ्ठ्याऐंशीचा असेन, गिरीश."

"काका, इथे सगळे असंच करतात."

काकांनी एकेक पिवळी चिठ्ठी सोलून काढली आणि गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला. आता तरी हा माणूस ओरडेल, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी गिरीशचा कोट आणून दिला. "रस्ते निसरडे आहेत, सावकाश ड्राइव्ह कर," म्हणाले.

दार लागल्यावर काका काकूंकडे बघेचनात. काकूंनी ताटली विसळली, भिंतीला धरत दारापाशी गेल्या आणि उद्यासाठी कामाचे बूट काढून ठेवले.