घरात कोण कोण?

नवरा तापानं गेला आणि परंड्याजवळच्या आमच्या शेतवस्तीवर मी आणि एक म्हैस एवढ्याच उरलो. लेकरूबाळ नव्हतं, दीरभाये नव्हते. नवऱ्याची ठासणीची बंदूक होती, तीही गेली. निजामाच्या राज्यात परवाना माणसाच्या नावावर असायचा. माणूस गेला की बंदूक ठाण्यात जमा. तेरावं उरकलं तसा पोलीस पाटील आला आणि ती खांद्याला लावून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुमच्या नावानं अर्ज करा, परवाना आला की परत मिळंल."

बंदूक गेल्याचं डुकरांना कुणी कळवलं कोण जाणे, पण आठवडा व्हायच्या आत कळप भुईमुगात उतरला. नवरा होता तेव्हा एक बार काढला की पुढं कितीतरी दिवस डुक्कर फिरकत नसे. दारू ठासायला त्यानं मलाही शिकवलं होतं. आता मी पत्र्याचा डबा बडवायची. पहिल्या दिवशी डुकरं पळाली, दुसऱ्या दिवशी थांबून बघत राहिली, नंतर नंतर तर माझ्याकडे बघेनाशीही झाली.

येरमाळ्याहून धाकटा भाऊ आला. जीव लावणारा, पण हट्टी. म्हणाला, "अक्का, एकटीनं कुठं ऱ्हातीस? चल माझ्याकडं. रान बटईनं देऊ." मी म्हटलं, परवाना येऊ दे, मग बघ मी कशी राहते. शेवटी ठरलं की ज्वारी निघेपर्यंत वाट बघायची. नाहीच आला तर वस्तीला कुलूप. त्यानंच परंड्याच्या तहसील कचेरीत उर्दूतला अर्ज लिहून घेतला, मी अंगठा उठवला आणि वाट बघायला लागले.

वाट बघणं मला जमत नाही. दर बाजाराला मी कचेरीच्या पायरीशी जायची. तिथला कारकून, पेशकार, मान वर न करता म्हणायचा, "चौकशी व्हायची आहे." चौकशी कोण करणार, कधी करणार, विचारायची सोय नव्हती. वस्तीवर परतलं की बोलायला कोणी नसे. मी म्हशीला कचेरीचा सगळा वृत्तांत सांगायची. तीही पेशकारासारखीच मान वर करत नसे. माझा आवाज मला परका वाटायला लागला होता. लई एकटी होते मी, हे आज सरळ सांगते. तेव्हा सांगता येत नव्हतं.

ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा एके दुपारी दाढी पिकलेला एक माणूस बांधावरून आला. साधा सदरा, डोक्याला रुमाल. लांबूनच म्हणाला, "बेटी, पानी मिलेगा?"

कितीतरी दिवसांनी कोणीतरी दारात आलं होतं. मी पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. तो ओट्यावर टेकला. उंबऱ्याशी नवऱ्याच्या वहाणा होत्या. आत पुरुष आहे असं वाटावं म्हणून मी त्या रोज तशाच मांडून ठेवायची. त्यानं वहाणांकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "घर में कौन कौन है?"

एकटीदुकटी असताना परक्या पुरुषाला तसं कळू द्यायचं नाही, हे आमच्यात पोरीला चालता यायच्या आधी शिकवतात. माझं तोंड माझ्या आधी बोललं. "दीर हायत दोघं. भाऊ हाय. गडी हायत. समदी खालच्या रानात गेल्यात, आत्ता येतील."

"अच्छा है. डर तो नहीं लगता?"

"छे! कशाचं भ्या?"

त्यानं दुवा दिली आणि उठला. बांध ओलांडताना त्याची पोलिसांची असतात तशी खाकी पट्ट्यांची पायताणं दिसली. ठाण्याचा जमादार होता तो, चौकशीला आलेला. मी धावत बांधापर्यंत गेले. हाक मारायला तोंड उघडलं. पण ओरडून सांगणार काय? अहो, मी एकटीच आहे? ते शब्द काही बाहेर पडले नाहीत. तो दिसेनासा झाला.

तरी आशा सोडली नाही. म्हातारा जाणता दिसत होता, त्याला उमगलं असेल, असं म्हशीला समजावत राहिले.

ज्वारी निघाली. डुकरांनी ठेवली तेवढी निघाली. भाऊ गाडी जुंपून आला आणि आम्ही दोघं कचेरीत गेलो. या खेपेला पेशकारानं मान वर केली. "बाई, तुमच्या घरी दीर आहेत, भाऊ आहे, गडीमाणसं आहेत. भीती नाही असं तुम्हीच सांगितलंत. परवाना नामंजूर."

कचेरीत माणसं बसली होती. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "कुणी न्हाय. म्या खोटं बोलले. माझ्या घरात कुणी न्हाय, मी एकटीच हाय."

नवरा गेल्यापासून हे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते. डोळ्यांना धार लागली. पेशकारही वरमला. त्यानं नवा कागद ओढला, टाक बुडवला. "असं होय. मग दुसरा अर्ज घेतो. लिहितो, घरात कोणीही नाही."

मागून भाऊ कळवळून पुढं आला. त्याचेही डोळे भरले होते. "आसं कसं म्हनतीस, अक्का? कुणी न्हाय कसं? मी हाय की!"

टाक थांबला. पेशकारानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ आहे?"

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"व्हय," मी म्हणाले. "भाऊ हाय."