काकांच्या खिशातल्या गोळ्या

"वहिनीले शॉक दिना नि बठ्ठं व्हयी गयं. आते गोया कसाले?" काका पाहुण्यांना सांगत होते. मी चार हातांवर बसून भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होते.

फैजपूरजवळच्या आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काकांचा पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळण्याचा धंदा आहे, त्यामुळे त्यांना माणसांचंही सगळं कळतं. "मोटार जळनी, नवी तार भरी. मंग तिले रोज दवाई पाजतस का?" पाहुणे हसले. काकांच्या विनोदाला हसणं आमच्याकडे जेवणाच्या आमंत्रणातच धरलेलं असतं.

पावसाळ्यात आई महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवण बंद, बोलणं बंद. तेव्हा याच काकांनी निदान केलं होतं: कामाचा कंटाळा. धुळ्याच्या दवाखान्यात नेऊन विजेचे शॉक दिल्यावर ती हळूहळू उठली. एका सकाळी चहात साखर कमी आहे म्हणाली. तेव्हापासून तिचं बरं होणं हे काकांचं कर्तृत्व, कारण गाडी त्यांची होती. डॉक्टर समजावत होते तेव्हा ते बाहेर फोनवर होते. डॉक्टर म्हणाले होते, शॉकने बाई वर आली, आता तिला वर ठेवायचं काम गोळ्यांचं. मध्येच थांबवल्या तर दुखणं परत येईल, आणि पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे. दोन गोळ्या, जेवणानंतर. त्यातली एक लिथियमची, तिच्यासाठी अधूनमधून रक्ताची तपासणी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

आता काकांनी आईच्या पिशवीतून गोळ्यांची डबी काढली, सगळ्यांना दाखवली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "आजपासून बंद. काय वहिनी?"

लाकडी बडगीत वांगी कुटणारी आई लाजून हसली. चारचौघांत आपल्याला बरी ठरवलं, याचाच तिला आनंद झाला होता. ते मला बघवेना. पप्पा केळीच्या पानांवरचं पाणी पुसत राहिले. तेवढीच पानं, पुन्हा पुन्हा.

मी घरात कमी बोलते. उत्तरं मला इंग्रजीत सुचतात, तीही उशिरा. पुरुषांची पंगत बसली. काकूने भरिताचं पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी काकांना वाढ." बायका शेवटी जेवणार, तोवर काका डबी घेऊन गावात निघून गेले असते आणि विषय मिटला असता.

मी त्यांच्या पानासमोर उभी राहिले. ते वर बघत थांबले.

"डबी द्या काका," मी म्हणाले. "आज आधी आई जेवेल, गोळ्या घेईल. मग तुम्हाला वाढते."