दुसरी प्रत रद्द

माझ्या वडिलांना मी एका रविवारी सकाळी साडेदहाला डिलीट केलं. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे तसं पाहिलं तर त्यांचं काही नुकसान झालं नाही. व्हायचं ते माझंच झालं.

सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत एकतीस वर्षं मी रेकॉर्ड सेक्शनला होतो. जुन्या फायली चाळायच्या, एकाच कागदाच्या दोन प्रती निघाल्या की मूळ प्रत ठेवायची आणि दुसरी रजिस्टरात नोंदवून फाडून टाकायची, हे माझं काम. 'माझ्या हातून मूळ प्रत कधी गेली नाही', असं मी निरोपसमारंभात छाती फुगवून सांगितलं होतं. (टाळ्याही पडल्या होत्या. परत घेता आल्या असत्या तर आमच्या घरच्यांनी त्या केव्हाच परत घेतल्या असत्या.)

काचीगुड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो. मी, बायको शोभा, घरूनच कंपनीचं काम करणारी मुलगी प्रज्ञा आणि माझी आई. माझे वडील, म्हणजे दादा, नांदेडकडचे. तरुणपणी रेल्वेत लागून इकडं आले आणि इकडचेच झाले. शेवटच्या वर्षात शोभानं त्यांच्याच मोबाईलवर त्यांचा आवाज भरून ठेवला होता. चौदा तुकडे होते. सुनेनं नोकरीच्या आठवणी सांगा म्हणून गळ घातली होती, पण माणूस बारा तुकडे नुसती कुरकुर करत होता. प्रज्ञानं त्या सगळ्यांचं 'दादा' नावाचं फोल्डर करून क्लाउडवर टाकलं. ते घरच्या कॉम्प्युटरवरही दिसायचं आणि हॉलमधल्या टॅबवरही.

त्या टॅबची मालकीण आई. रोज दुपारी चार वाजता ती कपभर चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं घेऊन बसायची आणि नऊ नंबरचा तुकडा लावायची.

"हा चहा हाय का धुवन? गोडी कुठं गेली याची?" दादा टॅबमधून विचारायचे.

"गोडी डॉक्टरनं नेली. गप प्या," आई म्हणायची आणि तिथंच टॅब बंद करून स्वतःचा चहा संपवायची. पहिले काही दिवस आम्हाला हसू यायचं. नंतर आम्ही चार वाजता आपोआप टीव्हीचा आवाज कमी करायला लागलो.

त्या शनिवारी शोभा आणि प्रज्ञा लग्नासाठी नांदेडला गेल्या. रविवारी मी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावर सूचना आली, जागा भरत आली आहे. बस्स, एकतीस वर्षांची सवय खडबडून जागी झाली! एक जुनी वही काढली, रेघा मारल्या आणि तपासणीला बसलो. पाहतो तर 'दादा' हे फोल्डर कॉम्प्युटरवर, आणि तेच टॅबवर. दोन प्रती. आई टॅबवर ऐकते, म्हणजे मूळ प्रत टॅबवरची. मी वहीत लिहिलं, 'दादा, दुसरी प्रत, रद्द', खाली सही केली आणि फोल्डर उडवलं. वर कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

शहाणपणा म्हणून टॅब उघडून पाहिला. तिथंही दादा नव्हते.

ते एकच फोल्डर दोन खिडक्यांतून दिसत होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (प्रज्ञानं तीनदा सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.) खालच्या मजल्यावर राव गारू, म्हणजे आपले रावसाहेब, राहतात. त्यांच्याकडे धावलो.

"अजी, परेशान कैकू होते? साइन आऊट करो, फिर साइन इन करो," ते म्हणाले. "हमारी पानी की मोटर भी ऐसेइच चालू होती."

वर येऊन मी दोन्हीकडून साइन आऊट केलं. साइन इन करायला गेलो तर त्यानं पासवर्ड मागितला. तो कुणी, कधी, काय ठेवला होता, देवाला ठाऊक. आता माझ्याकडे रिकामं फोल्डरसुद्धा उरलं नव्हतं.

चार वाजले. आई कप घेऊन आली.

"आज नेट नाही," मी म्हटलं.

"मग तुझ्या मोबाईलवर कुणाचं काय चाललंय?"

मोबाईलवर तेव्हा 'गेलेलं फोल्डर परत कसं आणावं' हे सांगणारा एक माणूस मोठमोठ्यानं बोलत होता. मी त्याचा गळा दाबला. आईनं बिस्किटाला हात लावला नाही. कप तसाच आत घेऊन गेली. ते पाहून मला इतकं वाईट वाटलं की रात्रीचं जेवण गेलं नाही.

सोमवारी मी मनाचा हिय्या केला. टॅब आतल्या खोलीत चार्जिंगला आहे, मी तिथूनच लावतो, असं आईला सांगितलं. दार लोटलं, तोंडासमोर रिकामा तांब्या धरला आणि घसा खरवडून दादांचा आवाज काढला, "हा चहा हाय का धुवन? गोडी कुठं गेली याची?"

बाहेरून उत्तर आलं, "गोडी डॉक्टरनं नेली. गप प्या."

जमलं! मला भडभडून आलं. काल तिनं टाकलेला चहा आठवला, आणि तिचं मन राखावं म्हणून मी तांब्यातून पुढं म्हणालो, "पण चहा छान झालाय गं."

बाहेर कपाचा आवाज थांबला.

"मिलिंदा, बाहेर ये."

मी तांब्यासकट बाहेर आलो.

"साठ वर्षं संसार केला," आई म्हणाली. "त्या माणसानं जन्मात चहाला छान म्हटलं नाही. काय करून ठेवलंस?"

मी सगळं सांगितलं. वहीसुद्धा दाखवली. तिनं माझी सही बोटानं चाचपली आणि हळूच विचारलं, "मग आता ते कुठंच नाहीत का?"

साठी उलटलेला माणूस हातात तांब्या धरून कसा रडतो, हे पाहायला तेव्हा आईशिवाय कोणी नव्हतं, तेवढंच एक बरं झालं.

संध्याकाळी शोभा आणि प्रज्ञा आल्या. प्रज्ञानं कपाळावर हात मारला. "पप्पा, क्लाउडचं ट्रॅश अलग असतं ना! डिलीट केलेलं काही दिवस तिथं राहतं. सिंपल आहे, लॉगिन केलं की रिस्टोअर." मग तिचा चेहरा पडला. "पासवर्ड कुणालाच याद नाही. कोड येईल, पण अकाउंट आजोबांचं, म्हणून तो त्यांच्याच नंबरवर येईल."

शोभानं माझ्याकडं पाहिलं. त्या नंबरसाठी मी आईच्या मागं लागलो होतो हे तिला माहीत होतं. एका घरात पाच नंबर कशाला, माणूसच नाही तर त्याचा फोन कशाला चालू ठेवायचा, बंद करून टाक, असं मी दोनदा सांगितलं होतं. आई दोन्ही वेळा 'हौ' म्हणाली होती.

आता ती उठली आणि कपाटातून रुमालात गुंडाळलेला दादांचा मोबाईल घेऊन आली. पूर्ण चार्ज केलेला होता. खालच्या दुकानातून ती दर महिन्याला त्यात रिचार्ज मारत होती!

"तू सांगितलंस म्हणून काय बंद करायचा?" ती म्हणाली. "त्यांचा नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असता."

कोड आला. चष्मा लावून आईनं तो वाचला, "एकोणऐंशी, चौसष्ट, सव्वीस."

हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आमची लेक गोंधळली. "एकोणऐंशी म्हणजे एटी नाईन ना?"

एटी नाईन टाकलं, चुकलं. सेव्हंटी नाईन हे आम्ही ओरडून सांगेपर्यंत कोडची मुदत संपली. दुसरा कोड आला तेव्हा आईनं मोबाईलच नातीच्या हातात दिला. "तूच वाच बाई तुझ्या भाषेत."

आणि चौदाही तुकडे परत आले. प्रज्ञानं नऊ नंबर लावला. दादा म्हणाले, "हा चहा हाय का धुवन?" आईनं डोळे पुसले. त्या नादात टॅब रोजच्या जागी बंद करायचा राहून गेला. तुकडा पुढं चालू राहिला.

"आन् सूनबाई," दादा सांगत होते, "दवाखान्याचे कागद तुझ्यापाशी ठेव. मिलिंदाच्या हातात देऊ नको. त्याला दोन कागद सारखे दिसले की त्यो एक फाडतोय."

मी ती वही उचलून पाठीमागं लपवली.

"म्हणून मी तिथंच बंद करत होते रे," आई म्हणाली. "म्हटलं, लेकराला वाईट वाटंल."

आता आमच्याकडे चार वाजता नऊ नंबरचा तुकडा शेवटपर्यंत लागतो. प्रज्ञानं त्या फोल्डरच्या आणखी तीन प्रती केल्या आहेत. त्या कुठं ठेवल्या आहेत, हे मला सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे. राव गारूंनासुद्धा.