घरातला राजीनामा

निवडणूक जवळ आली तसे आमच्या गल्लीतले नमस्कार बदलले. जे ताईला वाकून ‘प्रणाम बहनजी’ म्हणायचे ते मोबाइलमध्ये डोकं घालून पुढे जायला लागले, आणि हॉटेलवाल्याची माणसं, ज्यांनी आजवर साधी ओळखही दाखवली नव्हती, ती थांबून हात जोडू लागली. मला या दुसऱ्या नमस्कारांचीच जास्त भीती वाटायची.

मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर. गंगाकाठच्या या हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी कुटुंब आमचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि कुणाचं ऐकून न घेणारी. हा हॉटेलवाला गंगेकडची घरं ओळीने विकत घेत सुटला होता. घर गेलं की दाराला त्याचं नवं पितळी कुलूप लागायचं. त्याला अडवायला मोहल्ल्याने समिती केली आणि ताईला अध्यक्ष केलं. पण समितीतलेच काही जण गुपचूप त्याच्याकडे चहाला जाऊ लागले. तेव्हा तिने पद सोडलं आणि पार्षदपदासाठी, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकपदासाठी, अपक्ष अर्ज भरला. पक्ष नव्हता, पैसा नव्हता, होता तो फक्त तिचा शब्द. बहनजी विकणार नाहीत तर आपणही विकायचं नाही, असं म्हणून तग धरलेली थोडी घरं अजून उरली होती. त्यात सगळ्यात पक्की आमच्या शेजारची चाची. एकटी विधवा बाई, तिची आणि आमची भिंत एकच.

मी बँकेतून निवृत्त झालेला, हिंदी बरी लिहितो, म्हणून पत्रकारांना सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रचाराची आखणी ताईचा एक जुना विद्यार्थी करत होता. लखनौच्या बड्या लोकांच्या निवडणुका त्याने हाताळल्या होत्या. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की पत्रकार जिना उतरून गल्लीत दिसेपर्यंत मुलाखत संपली असं समजायचं नाही. आम्ही माना डोलावल्या. पण घरी आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय जिना उतरू द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

एका स्थानिक चॅनलचा वार्ताहर आला. पोरगा गोड बोलत होता. ताई छान बोलली. पाणी, गटार, पितळी कुलुपं, सगळं. त्याने तिच्या पदराचा माइक काढला, ‘हो गया’ म्हणाला आणि मोबाइल टेबलावर ठेवून चहाचा कप उचलला. मी मराठीत ताईला विचारलं, समितीवाले आता तुझ्यावर चिडतील ना? ती म्हणाली, “चिडू देत. मी राजीनामा देऊन मोकळी झाले. आता त्या माणसाविरुद्ध बोलायला मला कुणाला विचारायला नको.”

दुसऱ्या दिवशी तिच्या बोलण्यातलं मधलं एकच वाक्य सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. मी राजीनामा देऊन मोकळी झाले. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘बहनजी का राजीनामा किससे?’ प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे कुणी खोटं बोललं असंही म्हणता येईना.

आमच्या मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणं. इथल्या हिंदीत तो कोर्टकचेरीतला शब्द आहे, दोन पक्षांनी आपसांत मिटवलं की राजीनामा होतो. पद सोडण्याला घराबाहेर आम्ही इस्तीफाच म्हणतो. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, उंबरा ओलांडला की जीभ आपोआप बदलते. ताईनेही प्रत्येक सभेत इस्तीफाच म्हटलं होतं. उंबऱ्याच्या आत एकदा मराठी बोलली, तेवढंच गावाने ऐकलं आणि बहनजींनी हॉटेलवाल्याशी मिटवलं असा अर्थ घेतला. गल्लीतल्या लोकांना आमचं मराठी अर्धंमुर्धं कळतं. सगळंच कळत असतं किंवा काहीच कळत नसतं तरी आम्ही वाचलो असतो.

विद्यार्थी म्हणाला, “सफाई मत दीजिए बहनजी. जितनी बार बोलेंगी, उतनी बार वही शब्द चलेगा.” खुलासा करायचा नाही म्हणे! मला त्याचा भयंकर राग आला. खोटं पसरतंय आणि आपण गटारावर बोलायचं? मी खुलासा लिहिला, मराठीत या शब्दाचा अर्थ काय, अगदी सविस्तर. ताईने तो कॅमेऱ्यासमोर वाचला. शेवटी तोच वार्ताहर नम्रपणे म्हणाला, “तो शब्द आपका ही है, यह आप मानती हैं?” ताई खोटं बोलत नाही. ती हो म्हणाली. संध्याकाळी तिचं ते ‘हाँ’ फिरत होतं.

मग हॉटेलवाल्याकडून मिठाईचा डबा आला. चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. ताईने तो तसाच परत पाठवला, पण डबा येताना सगळ्या गल्लीने पाहिला होता आणि परत जाताना कुणी पाहिला नाही. त्यानंतर ताईच्या प्रचाराला दारं उघडत, लोक पत्रक घेत, आणि कुणी एक प्रश्नही विचारत नसे. भांडणारा माणूस परवडला.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी चाची आली. पदराशी चाळा करत बसली.

“बहनजी, आपने राजीनामा कर लिया, तो हम अकेली किसके भरोसे रहतीं? हमने भी कर लिया.”

“मैंने कुछ नहीं किया, चाची,” ताई म्हणाली.

चाचीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीवच होती. “तो अब कर लीजिए. वो होटलवाला कह रहा था, दीवार तो एक ही है.”

ती गेल्यावर मी भडाभडा बोलत राहिलो, त्या पत्रकाराला, विद्यार्थ्याला, सगळ्या मोहल्ल्याला शिव्या घातल्या. ताई ऐकत होती की नाही कोण जाणे. निकाल काय लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं आणि तसाच तो लागला.

निकालानंतरच्या सकाळी चाचीच्या दाराला पितळी कुलूप नव्हतं, दार सताड उघडं होतं आणि आत मजूर होते. ताई चहा घेत होती. पहिला घण पडला तेव्हा तिच्या कपातला चहा हलला.

“त्या भिंतीवरचे आईबाबांचे फोटो उतरवून ठेव,” ती मला म्हणाली.