पाचटाचा धूर आणि चुन्याची रेघ

पुण्याहून जीप निघाली तेव्हा पेटी माझ्या मांडीवर होती. "अरे, मागे ठेव, पाय आखडतील," वसुधामॅडम म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्या पेटीत ताऱ्याचा उजेड रंगारंगांत पसरवून दाखवणारं यंत्र होतं. बांधलं मॅडमनी, पण उजेड जिथून आत शिरतो ती केसाएवढी फट माझ्या हातची. सातवीत शाळा सोडून वेंगुर्ल्याहून आलेल्या मला त्यांनी कार्यशाळेत उभं केलं, कानस धरण्यापासून शिकवलं. आता जीपमध्ये मागे असलेल्या छोट्या दुर्बिणीला जोडून यंत्राची परीक्षा होती. पास झालं तर ते दक्षिणेतल्या मोठ्या दुर्बिणीवर बसणार. नाही झालं तर मॅडमचं काम बंद, आणि त्याबरोबर माझी तात्पुरती नोकरीही. तुम्हाला घरी मी यातलं काही कळवलं नव्हतं.

बारामतीत चाक बसलं. पंक्चरवाला चाक खोलत असताना मी पेटी कुशीत घेऊन उन्हात उभा.

"काय हाय त्यात? अंडी?"

"तसंच समजा."

"मग उबवा निवांत. सावलीत उबवा पन."

आमचे ड्रायव्हर इस्माईलभाई पोट धरून हसले. मला हसू आलं नाही, पण सावलीत गेलो.

बारामती सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. आपल्याकडे समुद्र दिसेनासा होत नाही तसा इथे ऊस. मग अचानक कालव्याचं पाणी संपतं आणि माळ सुरू होतो, खडकाळ, पिवळा, बाभळींचा. अशाच एका माळाच्या कडेला, निमगाव केतकीच्या अलीकडे, शांताबाईंचं घर. शांताबाई म्हणजे आमच्या कार्यशाळेच्या वॉचमनची बहीण. गावच्या शाळेत शिकवतात. ओसरीवर बुद्धाची तसबीर, खाली धुतलेल्या पाट्यांची चळत. त्यांनी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माळवं (भाजीपाला) वाढलं. मी मासे नाहीत म्हणून इकडेतिकडे पाहिलं असणार, कारण त्या म्हणाल्या, "हितं समुद्र न्हाय बाबा. उजनीचा मासा आणला तर तुला तो गोडा लागंल."

आम्हाला हवा होता तो तारा दक्षिणेला, फार खाली, म्हणून हा मोकळा माळ. अगस्त्याच्या उजवीकडचा एक मंद ठिपका. तारा तरुण आहे, आणि त्याच्याभोवती धुळीची तबकडी फिरते. दगडांचे गोळे एकमेकांवर आपटून फुटले, त्याचा तो चुरा. प्रश्न असा, की त्या चुऱ्यात नुसती धूळच आहे की वायूही? वायू डोळ्यांना दिसत नाही. पण ताऱ्याचा उजेड त्यातून आला, तर उजेडातला ठरावीक रंग तो गिळतो आणि तिथे काळी रेघ उमटते. मोठ्या दुर्बिणींना ती दिसली होती. आमच्या यंत्राला दिसते का, हे बघायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी अंधार पडला, आणि दक्षिणेला कुणीतरी पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं. वारा पडलेला. धूर जमिनीवर पसरून तसाच राहिला. त्यातून अगस्त्य तांबडा दिसत होता, शेजारचा ठिपका दिसेना. मॅडम खुर्चीवर हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या. "आता उद्याची एकच संध्याकाळ उरली आहे," एवढंच म्हणाल्या.

शांताबाई म्हणाल्या, "उद्या भिवाआबांचं पाचट हाय. अगदी समोरच."

सकाळी मी एकटाच आबांकडे गेलो. पांढऱ्या मिशांचे आबा त्यांच्या पानमळ्यात (विड्याच्या पानांच्या वेलींत) पानं खुडत होते. आज संध्याकाळी पाचट जाळू नका, तारा बघायचाय, असं मी विनवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"परवा माजी पाण्याची पाळी हाय. पाचट जाळल्याबिगर खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या फुटव्याला) पाणी कसं द्यू? तुमच्या चांदणीपायी ऊस वाळवू व्हय?"

"दिवसा जाळलं तर?"

"दिवसा वारं असतंय. हा मळ्याचा कूड बगितला का?" वेलींभोवतीच्या वाळक्या कुडाला त्यांनी हात लावला. "ठिणगी पडली की खलास."

खिशात आईने पाठवलेली सुपारी होती, ती त्यांच्यापुढे धरली.

"कुठली?"

"वेंगुर्ल्याची. घरची."

आबांनी पान लावलं. चुना लावताना विचारलं, "त्या ताऱ्यात हुडकताय तरी काय?"

"तुमच्या बोटावर आहे तेच, आबा. चुन्यात जे असतं त्याचा वायू. कॅल्शियम म्हणतात."

"म्हंजी तितं बी पानं खात्यात!" ते मोठ्याने हसले. "आन् न्हाय घावला तर?"

"मॅडमचं काम जाईल. माझंही."

त्यांनी बाजूला पिंक टाकली. "दव वाळलं की या सगळी. वारं सुटायच्या आत, थोडं थोडं जाळू. पन मळ्याला आग लागली, तर भरपाई मागायला तुज्या ताऱ्यावर यीन."

आम्ही सगळे गेलो. ओली पोती, लिंबाचे डहाळे. शांताबाई, इस्माईलभाई, पदर खोचलेल्या मॅडम. एक सरी पेटवायची, विझवायची, मग दुसरी. शेवटच्या सरीला वारा आलाच. एक पेटतं पान उडून कुडावर बसलं. मी पोतं घेऊन त्यावर पडलो. आग विझली, उजव्या हाताची बोटं भाजली. आबांनी माझा हात माठात बुडवला आणि काळ्या पडलेल्या कुडाकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. फटीचा स्क्रू मला फिरवता येईना. मी सांगत होतो, मॅडम फिरवत होत्या. आधी त्याच बाजूचा दुसरा तारा घेतला. रेघ वाटेतल्या कुठल्या वायूची असती तर तिथेही उमटण्याचा संभव होता. पडद्यावरच्या आलेखात रुंद खड्डा आला, तळ सपाट; तो ताऱ्याच्या स्वतःच्या कॅल्शियमचा. मग आमचा तारा. तसाच खड्डा, आणि तळाशी एक बारीक, धारदार चीर: हवी होती ती रेघ.

मॅडमनी चष्मा काढला. परत घालेनात.

"घावला का चुना?" मागून आबांनी विचारलं.

"घावला," मी म्हटलं.

मॅडम नंतर म्हणाल्या, "हा वायू जुना नाही. ताऱ्याच्या उजेडाने तो केव्हाच उडून गेला असता. तिथे काहीतरी सारखं झिजतंय, धूमकेतूंसारखं, म्हणून तो आहे."

निघताना आबांनी केळीच्या पानात बांधलेला पानांचा पुडा दिला. "आईला. सुपारीच्या बदल्यात पान."

परतीच्या वाटेवर पेटी मागे ठेवली होती. मांडीवर पुडा होता, तो ओला ठेवायला मी सारखं पाणी शिंपडत होतो. यंत्र आता दक्षिणेला गेलं. माझी बोटं बरी आहेत. दुसऱ्याच्या उसाच्या बांधावर, दुसऱ्याच्या मळ्याला आग लागेल या जोखमीवर माझी नोकरी वाचली, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आई, पानं पोचली असतील. लावताना बोटावर चुना घेशील, तेव्हा आधी आबांचं नाव घे, मग माझं.