दोन बाटल्या आणि बरणीकाका

काकू शिवणकाम करतात. गालांवर लाल चट्टे उठले तेव्हापासून त्यांचं मशीन खिडकीजवळून हलून अंधाऱ्या कोपऱ्यात गेलं, कारण ऊन लागलं की चट्टे भडकत. तिथे सुईत दोरा ओवताना त्यांचा पारा रोज चढे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "काकू, हा ल्यूपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. तो कातडीपुरताच आहे की मूत्रपिंडालाही धरेल, ते बघायचंय. एक तुकडा चट्ट्याचा घेऊ, एक ऊन न लागलेल्या चांगल्या कातडीचा. त्यांवर चमकणारं द्रव्य लावतात. चांगल्या तुकड्यातही चमकती रेघ दिसली, तर आजार आतवर असल्याची शंका वाढते."

तुकडे खास पाणी भरलेल्या दोन बाटल्यांत गेले. त्या दूरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम त्यांच्या नवऱ्याकडे, काकांकडे आलं.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. बेडूक, साप, विंचू बरण्यांत टिकवणं हा त्यांचा अभिमान, म्हणून मुलं त्यांना बरणीकाका म्हणत. वाटेत पिशवी ओली लागली. बाटल्यांची झाकणं सैल होती, पाणी निम्मं सांडलेलं. काकांनी शाळेत शिरून दोन्हींत बरण्यांतल्या उग्र वासाच्या फॉर्मालिनची भर घातली आणि तपासणीच्या प्रयोगशाळेत ऐटीत सांगितलं, "आता वर्षानुवर्षं टिकेल!"

तिथल्या माणसाने कपाळावर हात मारला. फॉर्मालिन लागलं की ती चमक उमटत नाही. तुकडे वाया गेले.

"अहो, हा शहाणपणा कोणी सांगितला होता?" घरी काकू कडाडल्या.

"अगं, सुकून गेले असते! माझा साप बघ, खवलासुद्धा गळला नाही."

"मी काय तुमच्या कपाटातला साप आहे?"

पुन्हा सुई, पुन्हा टाके, पुन्हा वाट बघणं. या खेपेला बाटल्या काकूंनी स्वतः मांडीवर धरून नेल्या. काका शेजारी, हात खिशात.

अहवाल आला. चट्ट्यात रेघ चमकली होती, चांगल्या तुकड्यात काहीच चमकलं नव्हतं. रक्त, लघवीही ठीक. "सध्या तरी कातडीपुरताच दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासण्या मात्र चालू ठेवायच्या. आणि ऊन टाळायचं."

"म्हणजे मशीन कोपऱ्यातच!" काकू घरी येईपर्यंत धुसफुसत होत्या.

काकांनी चष्मा लावला, खिडकीत जाऊन सुईत दोरा ओवला आणि सुई काकूंपुढे धरली.

काकूंनी आधी सुईचा वास घेतला. मग शिवायला बसल्या.