भाजलेल्या जिभेचा शूरवीर

वेंडेल स्पायव्हीला गावाने शूरवीर ठरवलं ते त्याच्या जिभेमुळे. म्हणजे ती भाजली म्हणून.

झालं असं, की कॅरोलायनातल्या त्या गावात बिऱ्हाड हलवून आल्यावर पहिल्याच शनिवारी तो हर्शेलच्या हॉटेलात न्याहारीला गेला. सोबत बायको लोरीन. हर्शेलने पावावर पांढरा रस्सा ओतून आणला, अगदी चुलीवरून उतरवलेला. वेंडेल खाण्याच्या बाबतीत पहिल्यापासून अधाशी. त्याने फुंकर न मारता भला मोठा घास कोंबला आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारच्या टेबलावरून डूली टायरवाल्याने विचारलं, "सैन्यात होतात म्हणे? काय करायचात?"

तोंडात निखारा. गिळता येईना, थुंकता येईना. वेंडेलचे डोळे पाण्याने भरले. त्याने हात वर केला, मान हळूहळू दोन्हीकडे हलवली आणि खिडकीबाहेरच्या पाइनच्या झाडांकडे बघत बसला.

डूलीने झटकन आवाज खाली घेतला. "कळलं. मी विचारलंच नाही असं समजा."

तोंड निवल्यावर वेंडेल खरं तेच सांगणार होता, की बाबा, मी कॅन्ससला पलटणीच्या स्वयंपाकघरात होतो, बटाटे सोलायचो. पण तेवढ्यात हर्शेल स्वतः कॉफी घेऊन आला, पेला अदबीने ठेवला आणि त्याला कोपऱ्यातल्या, भिंतीला पाठ लागणाऱ्या खुर्चीवर बसायची विनंती केली. वेंडेलने खुर्चीकडे बघितलं. खुर्चीला गादी होती. तो उठला आणि गपचूप तिच्यावर जाऊन बसला. पुढची वीस वर्षं तो तिथून हलला नाही.

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात चाललं नसतं. पण या गावाला लागून छावणी, छावणीच्या आत आणखी एक कुंपण, आणि त्या कुंपणातली माणसं कुठे जातात, काय करतात हे त्यांच्या बायकांनाही ठाऊक नसतं. गावात त्यांना नुसतं 'आतले' म्हणतात. विचारलंच तर ते सांगतात, मी गाड्या दुरुस्त करतो, मी गोदामात असतो. त्यामुळे गावाचा एक पक्का नियम होता: जो बिल्ले लावून दारूच्या गुत्त्यात पराक्रम सांगतो तो भामटा, आणि जो गप्प बसतो तो खरा. यातला पहिला भाग ठीक होता. दुसरा भाग असा, की त्या हिशोबाने हर्शेलच्या दारातलं लाकडी अस्वलसुद्धा आतलं ठरायला हवं होतं. पण अस्वलाला वेंडेलसारखं अर्थपूर्ण उसासे टाकता येत नव्हते.

लोरीन हे सगळं बघत होती. घरी माळ्यावर मांजराएवढा रॅकून शिरला की हा शूरवीर पांघरुणातून ओरडायचा, "लोरीन, अगं बघ ना काय आहे ते!" आणि ती झाडू घेऊन शिडी चढायची. तोच गडी हर्शेलकडे शिरला, की भिंतीला पाठ लावून दाराकडे असा बघायचा, जणू अर्धं जग त्याच्या मागावर आहे.

कुठे काही कारवाई झाल्याची कुणकुण लागली, की टीव्हीवर कोट घातलेले चार जाणकार नकाशावर काठ्या आपटायला लागायचे. त्यांतल्या एकालाही काही माहीत नसायचं, आणि ते सांगायला त्यांना दिवस पुरायचा नाही. हर्शेलच्या हॉटेलातले लोक मात्र टीव्ही सोडून वेंडेलकडे बघायचे. वेंडेल चमचा हळूच खाली ठेवायचा. झालं! चमचा ठेवला म्हणजे खबर खरी. एकदा अशाच गडबडीत त्याने पीच भरलेल्या गोड पायचा दुसरा तुकडा मागवला, तर डूलीने गावभर करून टाकलं की आपली पोरं सुखरूप परत निघाली. लोरीनने तिथल्या तिथे सांगितलं, "अरे, त्याला पीच आवडतात."

डूली डोळा मिचकावून म्हणाला, "हो हो, वहिनी. पीचच आवडतात."

इथवर नुसती करमणूक होती. मग कोल्बी टिल्मनचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं.

कोल्बी हा मिस ओडेसा टिल्मनचा एकुलता एक मुलगा. ओडेसा विधवा, तरी गाव तिला मानाने 'मिस'च म्हणायचं; चर्चच्या गायकवृंदात तिचा आवाज सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत दमदार. मुलगा गाड्या दुरुस्त करतो असं ती सांगायची आणि गाव मान डोलवायचं. इस्त्रीच्या गणवेशातले दोघे तिच्या दारात आले, सरावात अपघात झाला म्हणाले, कोणीही वाचलं नाही, मृतदेह सापडलेला नाही म्हणाले आणि टोप्या काखेत धरून निघून गेले. बस, एवढंच.

एवढ्याने कोणाचं भागतंय? टीव्हीवाल्यांनी नकाशे काढले. हेलिकॉप्टर मुळात त्या समुद्रात नव्हतंच, असं एकाने सांगितलं. पोरं पकडली गेलीत, असं दुसऱ्याने. हर्शेलकडे डूली टेबलावर मुठी आपटत होता, "सराव म्हणे! देह का सापडत नाही मग?" ओडेसा हॉटेलात आली की सगळे गप्प, तिची पाठ वळली की पुन्हा सुरू. ओडेसाने तरीही पाद्रींना भेटून कोल्बीसाठीच्या प्रार्थनेचा रविवार ठरवला, त्याच्या नावाच्या दगडावर काय कोरायचं तेही सांगितलं. शहाणी बाई होती. पण तिलाही कान होतेच.

एका दुपारी ती लोण्याचा केक घेऊन स्पायव्हींच्या स्वयंपाकघरात आली. लोरीन भांडी घासत होती. वेंडेल टेबलाशी बसला होता.

"वेंडेल," ओडेसा समोर बसून म्हणाली, "तुला शपथ मोडायला लावणार नाही मी. माझा कोल्बीपण कधी बोलला नाही. पण एक कर. तो गेला असेल तर 'गेला' म्हण. त्यात गुपित कसलं, सरकारच सांगून गेलंय. आणि गेला नसेल, कुठे तरी असेल, तर तू काही बोलू नकोस."

लोरीनचा हात साबणाच्या पाण्यातच थांबला.

'मला माहीत नाही.' तीन शब्द पुरले असते. पण ते बोलले की खुर्ची गेली, गादी गेली, पीचची पाय गेली. आणि वीस वर्षांची सवय! वेंडेलने ओठ मिटले, केककडे बघितलं आणि मूग गिळून बसला.

ओडेसाने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. "देव तुझं भलं करो," एवढंच म्हणाली आणि तरुण पोरीसारखी पायऱ्या उतरून गेली.

लोरीन ओल्या हातांनी मागे धावली. "मिस ओडेसा! थांबा हो! त्याला काही म्हणजे काही माहीत नाही!"

ओडेसाने वळून बोट ओठांवर ठेवलं. "नाहीच माहीत, बाळा. मलासुद्धा काही माहीत नाही." आणि हसली.

लोरीन घरात परतली तेव्हा शूरवीर केकचा तुकडा कापत होता.

ओडेसाने प्रार्थना रद्द केली. दगड नको म्हणून निरोप पाठवला. पोरासाठी ओसरीवरचा दिवा रात्रंदिवस जळायला लागला. फोन वाजेल म्हणून बाई घराबाहेर पडेना, चर्चला जाईना, छातीच्या डॉक्टरकडे न्यायला शेजारीण आली तर तिला दारातूनच परत पाठवलं. फोनजवळ खुर्ची ओढून बसायची आणि तिथेच जेवायची.

लोरीनने नवऱ्याला अक्षरशः मानगूट धरून तिच्या ओसरीवर नेलं. "सांग!"

"मिस ओडेसा," वेंडेल टोपी चुरगळत म्हणाला, "मी स्वयंपाकी होतो. कॅन्ससला. बटाटे सोलायचो."

"स्वयंपाकी," ओडेसा कौतुकाने म्हणाली. "छान आहे. कोल्बी सांगायचा, गाड्या दुरुस्त करतो."

हर्शेलकडेही त्याने तेच सांगून पाहिलं. डूलीने मान डोलावली, "बटाटे! चांगलं शोधलंय. कोणाला संशयही यायचा नाही." उलट वेंडेलचा मान वाढला. खोटं बोलायला शब्द लागले नव्हते, आणि आता खरं बोलायला सगळे शब्द कमी पडत होते.

तोड सुचली ती लोरीनला, आणि तीसुद्धा हर्शेलकडेच. कोणी परगावचा जाडजूड पाहुणा मधल्या टेबलावर बसून, आपण रात्रीच्या अंधारात कुठल्या राजवाड्यात उतरलो ते सांगत होता. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत साऱ्या खुर्च्या पाठमोऱ्या झाल्या. हर्शेलने त्याची बशी घास संपायच्या आधीच उचलली. लोरीन बघतच राहिली.

घरी आल्याबरोबर ती म्हणाली, "शनिवारी तू बढाया मारायच्या."

"काय?"

"फुशारक्या. थापा. तोंडाला येईल ते. मी मिस ओडेसाला घेऊन येते. वेंडेल बोलणार आहे म्हटलं की ती येईल."

"लोरीन, अगं लोक थुंकतील माझ्यावर!"

"थुंकायलाच पाहिजेत. त्याशिवाय तिला कळायचं नाही."

"वीस वर्षं मी एक शब्द खोटा बोललो नाही."

"नाही ना? मग आता बोल. त्या बाईचा हात फोनवरच राहील आणि ती तशीच जाईल एक दिवस. आणि रॅकून आला तर यापुढे शिडी तू चढायची."

शनिवारी हॉटेल भरलेलं होतं. ओडेसा लोरीनचा दंड धरून आली, चांगला निळा पोशाख घालून. वेंडेल कोपऱ्यात घामाघूम. पहिल्यांदा तो इतकं हळू बोलला, की लोरीनने टेबलाखालून लाथ घातली.

"तर," तो मोठ्याने म्हणाला, "मी दातांत सुरी धरून नदी पोहून गेलो."

हर्शेलच्या हातातली किटली थांबली.

"कुठली नदी?" डूलीने विचारलं.

"सगळ्याच!" वेंडेल म्हणाला. आणि मग त्याला जो चेव चढला तो काही विचारू नका. पाणबुडीतून आकाशात उडी मारली. एका हाताने पहारेकरी आवळले आणि दुसऱ्या हाताने बिनतारी यंत्रावर बोलला. खुद्द राष्ट्राध्यक्ष त्याला लाडाने 'वेंडी' म्हणायचे. लोरीनला तेव्हा कळलं, की या माणसाला गप्प बसणं कधी आवडलंच नव्हतं. हे आवडत होतं. त्याचे गाल लाल झाले, तो हातवारे करू लागला.

एक खुर्ची सरकली. मग दुसरी. पाठीच पाठी. डूली वळण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, घरच्या कुत्र्याने चावा घ्यावा तसा.

ओडेसा मात्र वळली नाही. ती सगळं ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि माझा कोल्बी?"

"कोल्बी? त्याला तर मीच..." वेंडेलच्या तोंडून निघालं, आणि तिच्या डोळ्यांत बघितल्याबरोबर त्याची हवाच गेली.

"लोरीन," ओडेसा नजर न काढता म्हणाली, "हा सैन्यात काय करायचा?"

"बटाटे सोलायचा, मिस ओडेसा. खरंच बटाटे."

"आणि कोल्बीचं?"

"मला माहीत नाही," वेंडेल म्हणाला. आवाज एवढासा. "काहीच माहीत नाही. कधीच नव्हतं."

ओडेसाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. ती रडली नाही. रडायचं ते तिने पुढे ढकलून ठेवलं होतं, ते आता परत आलेलं तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. मग ती उठली.

"माझा केक खाल्लास तू, वेंडेल," ती म्हणाली.

इतकी वर्षं कोणी कोणाला यापेक्षा घाण शिवी दिल्याचं लोरीनने ऐकलं नव्हतं.

दोन रविवारांनी प्रार्थना झाली. दगड बसला. ओडेसा स्वतः गायली, आणि खालचा सूर कुठेही हलला नाही. नंतरच्या जेवणासाठी चर्चमागच्या स्वयंपाकघरात बटाट्यांचा ढीग पडला होता. ओडेसाने निरोप पाठवला होता: ते त्याला सोलायला सांगा. वेंडेल सकाळपासून बादलीपुढे स्टुलावर बसला होता. साल पातळ, अखंड, सरसर खाली पडत होती.

डूली दारात येऊन बराच वेळ ते बघत उभा राहिला. "च्यायला," तो लोरीनला म्हणाला, "खरंच स्वयंपाकी होता की हा. मग सांगितलं का नाही कधी?"

लोरीनने त्याच्याकडे असं बघितलं, की तो पाणी प्यायला निघून गेला. त्या आठवड्यात त्याला तशीही घाई होती. हर्शेलकडच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक नवा माणूस बसायला लागला होता, गाल सुजलेला, रुमालाने जबडा बांधलेला. कोणाशी एक अक्षर बोलत नव्हता. हर्शेलने त्याला कॉफी स्वतः नेऊन दिली होती.

ओडेसा आत आली. तिने कोशिंबिरीतल्या बटाट्याची एक फोड तोंडात टाकली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

वेंडेलने उठून मीठ घातलं. काही बोलला नाही. आणि या वेळी त्याच्या गप्प बसण्याचा कोणीच काही अर्थ काढला नाही.

परतताना लोरीनने टिल्मनच्या ओसरीकडे बघितलं. अंधार पडत आला होता आणि दिवा लागलेला नव्हता.